समुपदेशकाची मधली पायरी

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागताना विषयाचे स्वातंत्र्य दिले. तीस वर्षांहून अधिक काळ फोंड्यात दवाखाना चालविणाऱ्या माणसाकडून मधुमेह, रक्तदाब किंवा पावसाळ्यातील ताप अशा एखाद्या विषयाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या विषयांवर आपल्या मंडळातील माझ्याहून अधिकारी मंडळी लिहितीलच. मी मात्र अशा विषयावर लिहिणार आहे की ज्याची पदवी माझ्याजवळ नाही, ज्यात मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी विद्यार्थी म्हणून शिरलो आणि ज्याने माझी रुग्ण तपासण्याची रीत मुळापासून बदलली. तो विषय म्हणजे समुपदेशकाचे शिक्षण, आणि त्यातही त्याची मधली, सहसा कोणाच्या नजरेत न भरणारी पायरी.

आरंभी दोन कबुल्या देणे मला आवश्यक वाटते. दोन्हींतील तपशील मी ओळख पटू नये इतके बदलले आहेत आणि पहिली हकीकत त्या गृहस्थांच्या संमतीनेच सांगत आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी बंद झाल्या. खाणपट्ट्यातील ज्या घरांच्या अंगणात कर्जाचे ट्रक उभे होते, त्या घरांत पुढील दोन वर्षे काय चालले होते हे आपल्यापैकी अनेकांनी दवाखान्यात बसून पाहिले आहे. असाच एक ट्रकमालक २०१३ मध्ये चार महिन्यांत तीनदा माझ्याकडे आला. कधी आम्लपित्त, कधी मानेचे दुखणे आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य : "न्हीद येना, दोतोर." मी रक्तातील साखर पाहिली, ईसीजी काढला, गोळ्या दिल्या. "दम धरा, खाणी आज ना उद्या सुरू होतील," असा धीरही दिला. तिसऱ्या खेपेस दाराच्या कडीवर हात ठेवून तो मागे वळला आणि घरच्यांना आता आपला भारच होतो आहे, असे काहीसे पुटपुटला. बाहेर अकरा रुग्ण बसले होते. मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असे वेडेवाकडे बोलू नये." तो हसला आणि गेला. बाराव्या दिवशी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला.

तो वाचला. आज तो नातवंडांत रमलेला आहे आणि अजूनही माझ्याच दवाखान्यात येतो, हा त्याचा मोठेपणा. परंतु त्या बारा दिवसांचा हिशेब मी अद्याप पुरता चुकविलेला नाही. माझे वैद्यकीय ज्ञान तेथे कमी पडले नव्हते. नैराश्याची लक्षणे मला पाठ होती. त्या माणसाने दार किलकिले केले होते आणि मी ते प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून, बंद केले. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, हे मी वाचले होते. तरीही प्रत्यक्ष क्षणी माझ्या तोंडून प्रश्न निघाला नाही, उपदेश निघाला.

दुसरी कबुली याहून लाजिरवाणी आहे. या प्रसंगाने हादरून मी पुढच्याच वर्षी समुपदेशनाची दोन दिवसांची कार्यशाळा केली. कार्यशाळा चांगली होती. ऐकणे म्हणजे काय, सहानुभूती आणि तदनुभूती यांत फरक कोणता, हे तेथे प्रथमच समजले. समारोपाला प्रमाणपत्र मिळाले आणि ते मी चौकट करून खुर्चीमागे लावले. त्यानंतर महिन्याभरातच बारावीत शिकणारी एक मुलगी पोटदुखीची तक्रार घेऊन आली. या वेळी मी घाई केली नाही. चाळीस मिनिटे ऐकले. वडिलांनी ठरविलेल्या अभियांत्रिकीच्या मार्गाची तिला धास्ती वाटत होती. ती रडली, मोकळी झाली, आणि मलाही धन्य वाटले. तीन दिवसांनी एका लग्नात तिचे वडील भेटले. "पोरीचे काय निघाले, डॉक्टर?" त्यांनी विचारले. ताटावरून उठता उठता मी त्यांना सांगून टाकले, "पोटाचे काही नाही, तिला जरा समजून घ्या, तिच्या मनात इंजिनिअरिंग नाही." माझा हेतू चांगला होता. ती मुलगी मात्र पुन्हा माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

पहिल्या वेळी मी अशिक्षित होतो, दुसऱ्या वेळी अर्धशिक्षित. दुसऱ्या वेळचे नुकसान अधिक होते, कारण या वेळी मी तिला बोलते केले होते. बंद दारापेक्षा उघडून मग उघडेच टाकलेले दार अधिक घातक असते. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच की, समुपदेशनाची तोंडओळख झालेला माणूस आणि समुपदेशक यांच्यामध्ये एक लांब, कष्टाची पायरी आहे. ती नोकरी-संसार सांभाळून चढता येते. पण ती टाळून वर जाता येत नाही. आणि ही पायरी बांधून देण्यात आपल्यासारख्या डॉक्टरांच्या मंडळाला करण्यासारखे पुष्कळ आहे.

ही मधली पायरी म्हणजे काय, हे समजण्यासाठी ब्रिटनचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे समुपदेशक होऊ इच्छिणारे बहुतेक लोक प्रौढ वयात, दुसरा व्यवसाय करीत असताना या मार्गाकडे वळतात. प्रथम काही आठवड्यांचा परिचयवर्ग होतो. त्यानंतर साधारण वर्षभर, आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा एक दिवस, मधल्या पातळीचा अभ्यासक्रम असतो. तो पूर्ण केला तरी समुपदेशक म्हणून काम करण्याचा अधिकार मिळत नाही. पुढील पदविकेला बसण्याची तयारी तेवढी होते. मग येते दोन वर्षांची अर्धवेळ पदविका, आणि तिच्यात पर्यवेक्षणाखाली प्रत्यक्ष माणसांबरोबर केलेले किमान १०० तासांचे काम. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज बीएसीपी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या तेथील व्यवसायसंस्थेचा दंडक असा की, पदविका मिळाल्यावरही काम करणाऱ्या सभासदाने नियमित पर्यवेक्षण घेतलेच पाहिजे, मग तो तीस वर्षांचा अनुभवी का असेना. गंमत अशी की 'समुपदेशक' हे बिरुद त्या देशात कायद्याने राखीव नाही. ही शिस्त व्यवसायाने स्वतःच स्वतःला लावून घेतलेली आहे.

आपल्याकडील चित्र निराळे आहे. एका टोकाला मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला चिकित्सा-मानसशास्त्राचा पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम. दुसऱ्या टोकाला दोन दिवसांच्या, आठवड्याच्या कार्यशाळा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची शिक्षिका, परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ, मुले मोठी झाल्यामुळे वेळ मोकळा झालेली गृहिणी यांना पहिले टोक गाठता येत नाही आणि दुसरे टोक पुरत नाही. म्हणून त्यांपैकी कित्येक जण, मी केले तेच करतात : प्रमाणपत्र भिंतीवर लावतात आणि कामाला लागतात.

२०१५ साली मी पणजीत अशा एका मधल्या पातळीच्या वर्गाला प्रवेश घेतला. दहा महिने, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. आम्ही चौदा जण होतो आणि त्यांत डॉक्टर मी एकटाच. पहिल्या शनिवारी शिक्षिकेने आमची तिघा-तिघांची त्रिकुटे केली. एकाने आपल्या आयुष्यातील खरी पण पेलवेल अशी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायचे, तिसऱ्याने केवळ निरीक्षण करायचे. वीस मिनिटांनी भूमिका बदलायच्या. माझ्यासमोर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. माझे ऐकणे संपल्यावर निरीक्षक असलेल्या परिचारिकेने आपली वही उघडली आणि अत्यंत अदबीने सांगितले, "डॉक्टर, वीस मिनिटांत तुम्ही सत्तावीस प्रश्न विचारलेत. बाई वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलू लागल्या, तेव्हा तुम्ही त्यांना झोप किती तास लागते ते विचारलेत."

वर्गात हशा पिकला आणि मीही हसलो. घरी परतताना बसमध्ये मात्र हसू आले नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण सांगण्याइतका वेळच तेथे नव्हता. तेथे मी ऐकण्याविषयी ऐकले होते. येथे माझे ऐकणे तपासले गेले. परिचयवर्ग कौशल्याची नावे शिकवितो, मधली पायरी ती कौशल्ये आपल्या अंगी नाहीत हे दाखवून देते, आणि तेथूनच खरे शिक्षण सुरू होते.

पुढील महिन्यांत आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अटी, म्हणजे समोरच्याचा विनाअट स्वीकार, तदनुभूती आणि स्वतःशी प्रामाणिक असणे, आम्ही वाचल्या आणि त्या पाळताना कोठे फसतो ते ध्वनिमुद्रणे ऐकून पाहिले. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती अभ्यासली. मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ती परकी नाही. प्रत्येकाने स्वतःची वही ठेवली. आज कोणाचे बोलणे ऐकताना मला राग आला, कोठे कंटाळा आला, कोठे डोळे भरून आले, आणि ते माझ्या आयुष्यातील कशामुळे, हे तिच्यात लिहायचे. मला आढळले की पैशाच्या चिंतेने खचलेल्या पुरुषासमोर मी अस्वस्थ होतो आणि घाईने धीर देतो. माझ्या वडिलांचे दुकान मी नववीत असताना बुडाले होते. त्या ट्रकमालकाला मी दाराशी का थांबविले, याचे उत्तर मला वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नव्हे, या वहीत सापडले.

गोपनीयतेवर चार शनिवार खर्च झाले. ती कोणाची मालमत्ता असते, तिच्या मर्यादा कोणत्या आणि त्या समोरच्याला केव्हा सांगायच्या? जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे १९ वे कलम कोणत्याही व्यक्तीवर माहिती कळविण्याची जबाबदारी टाकते. म्हणून या मर्यादा पहिल्या बैठकीतच सांगाव्या लागतात. माणूस सर्व सांगून बसल्यावर नव्हे. लग्नाच्या पंगतीत विचारणाऱ्या वडिलांना काय उत्तर द्यावे, याचा तर आम्ही अभिनय करून सराव केला. उत्तर साधे होते : "ते तुमच्या मुलीलाच विचारा. तिला हवे असेल तर आपण तिघे मिळून बोलू." एवढे एक वाक्य मला वेळेवर ठाऊक असते तर!

आणि सर्वांत शेवटी आम्ही शिकलो ते थांबणे. आपल्या आवाक्याबाहेरचे काय ते ओळखणे : भास, संशयाचे विकार, टोकाचे नैराश्य, व्यसनमुक्तीच्या वेळचा धोका. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, आणि तेही माणसाला 'आपल्याला टाकून दिले' असे वाटू न देता.

या शिक्षणाचे अर्धवेळ असणे ही निव्वळ सोय नव्हे, हे मला येथे आग्रहाने नमूद करावेसे वाटते. दोन शनिवारांच्या मधला आठवडा हाही अभ्यासक्रमाचा भाग असतो. वर्गात जे कळले ते सोमवारी घरात, कचेरीत, दवाखान्यात मोडून पडते आणि पुढच्या शनिवारी ते मोडके तुकडे घेऊन माणूस परत येतो. सलग पंधरा दिवसांच्या शिबिरात ही मोडतोड होत नाही. प्रौढ विद्यार्थ्याचा संसार, त्याचे अपयश, त्याची दुःखे हीच त्याची पाठ्यपुस्तके असतात. ती वाचायला वेळ लागतो.

"ही परदेशी चैन आपल्याला कशी परवडणार?" असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी उत्तर आपल्या गोव्यातच आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनासाठी तयार केले आणि त्याचा परिणाम शास्त्रशुद्ध चाचण्यांनी तपासला. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढ रुग्णांवरील अशा चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते आठ बैठकींचा हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

हे आकडे उद्धृत करणारे पुष्कळ आहेत. "पाहा, साधी माणसेही समुपदेशन करू शकतात," असे सांगून लगेच कार्यशाळा जाहीर करणारेही आहेत. पण त्या माणसांना तयार कसे केले, हे वाचण्याची तसदी थोडेच घेतात. वर्गातील शिक्षण सुमारे तीन आठवड्यांचे होते. त्यानंतर मात्र सहा महिन्यांची उमेदवारी होती. बैठकी ध्वनिमुद्रित केल्या जात, दर आठवड्याला सहकारी एकत्र बसून त्या ऐकत, ठरावीक निकषांवर एकमेकांना गुण देत. कसोटीस उतरलेल्यांनाच पुढे काम मिळाले. शिवाय त्यांनी सर्व व्याधींवरचे समुपदेशन केले नाही. एका आजारासाठी आखून दिलेला एक उपचार काटेकोरपणे केला. म्हणजे यश आले ते तीन आठवड्यांमुळे नव्हे, त्यांच्या पुढील सहा महिन्यांमुळे आणि त्या दर आठवड्याच्या बैठकीमुळे. मी ज्याला मधली पायरी म्हणतो ती हीच.

याच संस्थेची त्याआधीची, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली 'मानस' चाचणी आपण खाजगी डॉक्टरांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. तीत सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशकांमुळे रुग्णांना लाभ झाला. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. याचा एक अर्थ असा लावता येईल की, कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा डॉक्टर मुळातच रुग्णाला काही देत असतो. तो अर्थ आपल्याला सुखावणारा आहे. पण दवाखान्यात समुपदेशक आणून बसविला की आपोआप सर्व सुधारते असे नव्हे, हाही बोध त्यातून घ्यावा लागतो.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप गरजेच्या प्रचंडतेचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. इतकी आग लागलेली असताना वर्षभर शिकवीत कोठे बसता, असे विचारले जाते. परंतु रक्तदानाची गरज कितीही मोठी असली तरी आपण रक्त तपासल्याशिवाय देत नाही. तातडीच्या वेळी हाताशी असावा म्हणून १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तो प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा. पण तातडी हे अर्धवट शिक्षणाचे समर्थन होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपल्या आज्या, गावचे भटजी, कीर्तनकार हे काम करीतच होते. त्यांनी कोठे अभ्यासक्रम केले? हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. आमच्या अंत्रुज महालातील देवळांत आजही माणसे गाऱ्हाणे घालतात. आपले दुःख चारचौघांत, देवासमोर, पूर्ण वाक्यांत मांडले जाते आणि मध्ये कोणी बोलत नाही. ऐकून घेतले जाण्याचे बळ आपल्या समाजाला ठाऊक आहे. मात्र जे चारचौघांत बोलता येत नाही, ज्यात घरातलाच कोणी दोषी आहे, त्याला जागा कोठे? आणि आजीकडे एक गोष्ट होती जी समुपदेशकाकडे नसते : ती नातवाला जन्मापासून ओळखत होती. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाचे दुःख हाती घ्यायचे, तर आजीच्या मायेची जागा शिस्तीने भरून काढावी लागते.

तिसरा आक्षेप आपल्याच व्यवसायबंधूंचा, आणि तो उलट बाजूचा आहे. पदवीधर मानसतज्ज्ञांखेरीज कोणी या क्षेत्रात येऊच नये, असे ते म्हणतात. आजार ओळखणे आणि औषध देणे यांपुरते ते खरे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येतही समुपदेशक येत नाही, आणि समुपदेशकाने ते भान सोडता कामा नये. पण २०२१ च्या सहायक आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने आपल्या परिशिष्टात समुपदेशकांच्या काही प्रकारांना स्थान दिले आहे. हे काम करणारे लोक आहेत आणि राहणार आहेत. त्यांना दाराबाहेर ठेवून ते थांबणार नाहीत. फक्त आपल्या नजरेआड काम करतील.

तेव्हा आपण काय करू शकतो? चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट जागेची. गोव्यात दुपारी एक ते चार बहुतेक दवाखाने बंद असतात. आपल्या सभासदांपैकी पाच जणांनी आठवड्यातून एका दुपारी आपली खोली दिली, तरी मधल्या पायरीच्या पुढे गेलेल्या उमेदवारांना पर्यवेक्षणाखाली काम करण्यास शांत, सुरक्षित जागा मिळेल. समोरची व्यक्ती शिकाऊ आहे हे येणाऱ्याला आधी सांगायचे आणि त्याची संमती घ्यायची, एवढी अट असावी.

दुसरी गोष्ट पर्यवेक्षणाची. आपल्यातील मनोविकारतज्ज्ञांनी आणि परिचयातील चिकित्सा-मानसतज्ज्ञांनी महिन्यातून दोन तास उमेदवारांच्या गटाला द्यावेत. ते फुकट नसावेत. फुकटचा वेळ पहिल्या अडचणीला रद्द होतो. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून मंडळाला जे उत्पन्न मिळते त्याचा एक भाग या मानधनासाठी राखून ठेवता येईल.

तिसरी गोष्ट भाषेची. आमच्या वर्गाची पुस्तके इंग्रजीत होती, व्याख्याने इंग्रजी-मराठीत आणि आमच्याकडे येणारी माणसे बहुतांशी कोकणीत बोलणारी. 'डिप्रेशन' हा शब्द माझ्या दवाखान्यात क्वचितच उच्चारला जातो. लोक म्हणतात टेन्शन आहे, अंगात त्राण नाही, जीव घाबरा होतो, डोके भणभणते. सराव या शब्दांत झाला पाहिजे. आपण प्रत्येकाने वर्षभरात रुग्णांच्या तोंडचे असे शब्द टिपून ठेवले, तर कोणत्याही भाषांतरित पुस्तकाहून मोलाचे साहित्य आपल्या हाती येईल.

चौथी गोष्ट अगदी सोपी, आणि उद्यापासून करता येण्यासारखी. रुग्णाला समुपदेशकाकडे पाठविण्यापूर्वी त्याला प्रमाणपत्र कोणते, असे विचारू नका. "तुमचे पर्यवेक्षक कोण?" असे विचारा. ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे रुग्ण पाठवू नका, मग भिंतीवर कितीही चौकटी असोत. माझ्या खुर्चीमागची चौकट मी २०१५ मध्येच काढली. तेथे आता कॅलेंडर आहे.

मी स्वतः समुपदेशक झालो नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मधल्या पायरीवर पोहोचल्यानंतर पुढची वाट माझी नाही हे मला उमगले, आणि हे उमगणे हीसुद्धा त्या पायरीची देणगी आहे. आमच्या चौदांपैकी पाच जण पुढे गेले. त्या परिचारिका, ज्यांनी माझे सत्तावीस प्रश्न मोजले, आज उत्तम काम करतात आणि आजही महिन्यातून दोनदा आपल्या पर्यवेक्षकांसमोर बसतात. माझे रुग्ण मी त्यांच्याकडेच पाठवितो. मी राहिलो डॉक्टरच, पण कडीवर हात ठेवून कोणी मागे वळले, तर आता मी त्याला परत बसवितो आणि विचारतो, "जीव नकोसा होतो का?" बाहेरचे अकरा रुग्ण दहा मिनिटे थांबतात. त्यांतील कोणी अद्याप कुरकूर केलेली नाही.

पणजीच्या वर्गाला जाताना मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, आबे फारिया यांचा पुतळा दर शनिवारी दिसे. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेल्या या गोमंतकीयाचा हा पुतळा १९४५ पासून तेथे उभा आहे. पुढे पसरलेले हात, समोर झोपेत जाणारी स्त्री. पाहणाऱ्याला वाटते, सारी शक्ती त्या हातांतून वाहते आहे. फारियांचे म्हणणे मात्र नेमके उलट होते. प्रभाव टाकणाऱ्यात काही अद्भुत शक्ती नसते, जे घडते त्याचे कारण समोरच्या माणसाच्या मनातच असते, असे त्यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादले.

आपल्या व्यवसायाने आपल्याला हात पसरायला शिकविले. ते आवश्यकच आहे. पण हात केव्हा आवरायचे, गप्प केव्हा राहायचे आणि समोरच्यातील बळावर विश्वास केव्हा टाकायचा, हे शिकायला मला दहा महिन्यांचे शनिवार-रविवार लागले. ते शिकू पाहणारी माणसे आपल्या गावांत आहेत. त्यांना आपली एक खोली, दोन तास आणि एक प्रश्न एवढेच हवे आहे. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी मांडणार आहे; आपण त्यावर मत द्यावे, आणि शक्य तर आपल्या दवाखान्याची एक रिकामी दुपारही द्यावी, ही नम्र विनंती.